आनंदाबाईचा अधिकार

वडनेर, २ जानेवारी १९५५

बंडू,

दादाचा आशीर्वाद घेजो. आम्ही इकडं बरे आहोत असं लिहाले बसलो होतो, पण ते खोटं होईल.

तुह्या वहिनीले काहीतरी झालं हाय. गावात कोणाले सांगता येत नाई. तू मठात राहून इतकं शिकला, आता दुसऱ्यायले शिकवते, म्हणून तुलेच विचारतो.

दिवाळीनंतरची पहिली वेचणी चालू होती. सात-आठ बाया कापूस वेचत होत्या, आनंदाही त्यायच्यात होती. दुपारी मी पाणी घेऊन गेलतो. पाहतो तं ही ओटी भरून वावराच्या कडेले धुऱ्यावर बसलेली, डोळे उघडे, आन तोंडावर असं हसू की मले भ्याव वाटलं. म्हटलं, ऊन लागलं का? म्हणे, नाई. "वेचता वेचता वेचणारी सापडेना. हात चालू होते, कापूस ओटीत पडत होता, पण मी वेचतो म्हणणारं आत कोणीच नव्हतं. पाहा पाहा पाह्यलं. नाईच."

मी म्हटलं, घरी चाल. घरी आली, स्वयंपाक केला, गायीच्या धारा काढल्या. पागल म्हणावं तं एक काम चुकत नाई. पण त्या दिवसापासून उपास सोडले. देवापुढं दिवा लावते तो मी सांगतो म्हणून. विचारलं, पूजा काऊन करत नाई? तं म्हणे, "देव आन मी असे दोघं असतो तं केली असती."

पोथी तिले वाचता येत नाई, हे तुले ठाऊक हाय. मग हे शिकली कुठून? विचारलं तं तुहं नाव सांगते. दोन वर्साखाली तू घरी आलता, ओसरीत लोकायले समजावत होता की सारं पाहणाऱ्याले एकदा उलटून पाहा. ही आत भाकरी थापत होती. म्हणे, "बंडू भाऊजीनं पाहा म्हटलं, मी तेव्हापासून पाहून राह्यलो."

आता खरी अडचण. आपला सालदार कवडू, त्याची बायको तानाबाई आपल्याच वावरात वेचाले येते. त्यायच्या हातचं पाणी आपल्यात चालत नाई. तुही वहिनी परवा तानाबाईच्या घरी बसून तिच्या हातची भाकर खाऊन आली. साऱ्या गावानं पाह्यलं.

कांता सोळाची झाली. एकुलती एक पोर. तिचं लगीन करायचं हाय. हे वारं हाय का बिमारी, आन उपाय काय, तेवढं लवकर लिहिजो.

तुहा दादा,
रूपराव

*

श्रीमठ, नर्मदातीर, १९ जानेवारी १९५५

दादा,

पायांवर डोके ठेवून लिहितो. तुमचे पत्र वाचून दोन दिवस पाठात लक्ष लागले नाही. मी पाच वर्षांचा असताना आई गेली, आणि बारा वर्षांच्या वहिनी नवी नवरी म्हणून घरात आल्या. त्यांनी मला न्हाऊ-माखू घातले, त्यांच्याच पदराला धरून मी मोठा झालो. म्हणून जे लिहितो आहे ते कठोर वाटले तरी त्यांच्या हिताचे आहे, हे ध्यानात घ्या.

जीव आणि ब्रह्म एक आहेत, हा सिद्धान्त आहेच. मी तोच शिकवतो. पण सिद्धान्ताला अधिकार लागतो. आधी नित्यकर्मे, उपासना. त्यांनी चित्त शुद्ध होते. मग विवेक, वैराग्य. मग गुरूच्या मुखातून श्रवण, त्यावर मनन, आणि मग वर्षानुवर्षे ध्यान. येथे वीस-वीस वर्षे अध्ययन केलेले वृद्ध पंडित आहेत. त्यांच्यापैकी कोणी "मला झाले" असे म्हणत नाही. आणि कापूस वेचताना एका दुपारी हे होते, हे मी कसे मानू?

ओसरीवर मी ते वाक्य बोललो, हे खरे. पण ते समोर बसलेल्या पुरुषांसाठी होते. आत कोणी ऐकत असेल हे माझ्या लक्षात आले नाही. स्त्रियांना व्रते, कथाश्रवण, पतिसेवा हा मार्ग सांगितला आहे. त्यात कमीपणा नाही.

माझ्या मते हा ज्ञानाचा भास आहे. एकेचाळीस दिवस सकाळी तुळशीला एकशे आठ प्रदक्षिणा घालायला सांगा. सोमवारचा उपास पुन्हा सुरू करा. आणि तानाबाईच्या घरी जाणे पूर्ण बंद. सर्व एकच आहे हे बोलायला ठीक, पण व्यवहारात भेद पाळलाच पाहिजे. नाहीतर आकाश फाटेल आणि शिवायला कोणी उरणार नाही.

तुमचा,
बंडू

*

वडनेर, २० मार्च १९५५

बंडू,

तुह्या सांगण्याप्रमाणं सारं केलं. आनंदा एकेचाळीस दिवस तुळशीभोवती फिरली. एकही दिवस चुकली नाई. मी ओसरीत बसून मोजत होतो. शेवटच्या दिवशी विचारलं, फरक पडला का? म्हणे, "तुमच्यासाठी फिरत होतो. तुम्हाले पडला का?"

तिले गिरडलेही नेऊन आणलं. बैलबंडीनं गेलतो, टेकडी चढून वर दर्ग्यात बसवलं. तिथं वारं लागलेले, केस मोकळे सोडून घुमणारे कितीतरी लोक होते. ही त्यायच्यात बसून एका घुमणाऱ्या बाईचं डोकं मांडीवर घेऊन थोपटत होती. तिथल्या म्हाताऱ्या बाबानं हिच्याकडं बराच वेळ पाह्यलं आन मले म्हणे, "इनको कुछ नहीं हुआ. इनको तंग मत करो." मी नारळ ठेवला आन उतरलो.

होळीच्या आधी तानाबाईले मोठा ताप आला. ही दोन दिवस तिच्या घरी राह्यली. स्वयंपाक केला, लेकरायले खाऊ घातलं, त्यायच्याच विहिरीचं पाणी पेली. परत आली तं आपल्या विहिरीवरच्या बायायनं आपापले पाण्याचे गुंड उचलले आन दूर झाल्या. शकुबाई, जी हिची बहीण असल्यासारखी, तीही. मी तोंड दाखवू शकत नव्हतो. मले लई राग आलता.

तिचा उजवा हात मोडला हाय. गोठ्यात शेणावरून पाय घसरला. हिंगणघाटच्या डॉक्टरनं पट्टी बांधली, दीड महिना हलवू नका म्हणे.

तुही शिडीवाली गोष्ट तिले सांगितली. आधी हे, मग ते, मग ते. ऐकून घेतलं आन म्हणे, "भाऊजीले सांगा, घरात बसलेल्याले घराचा रस्ता काऊन सांगता?" याचं उत्तर तुले सुचलं तं लिही.

बापूराव, आपल्या जातीचे पंच, कांतासाठी समुद्रपूरकडचं एक स्थळ सांगून राह्यले. ते म्हणाले, आधी घरातलं निस्तर. तू मठाचा कागद देशील का? काय प्रायश्चित्त घ्यायचं ते लिहून दे. ते घेतलं की लोकायचं तोंड बंद होईल.

रूपराव

*

श्रीमठ, नर्मदातीर, २ एप्रिल १९५५
(मठाच्या शिक्क्यासह)

वडनेर येथील रूपराव यांनी विचारल्यावरून कळविण्यात येते की, त्यांच्या पत्नी आनंदाबाई यांना झालेला बोध शास्त्रसंमत नाही. गुरूचा उपदेश नाही, शास्त्राचे श्रवण नाही, अधिकार नाही. सबब ते ज्ञान नसून चित्ताचा भ्रम होय. आचारभ्रष्टतेबद्दल त्यांनी विधियुक्त प्रायश्चित्त घ्यावे. ते घेईपर्यंत देवकार्यात व मंगलकार्यात त्यांचा सहभाग नसावा.

दादा, ही वेगळी चिठ्ठी तुमच्यासाठी. शिक्क्याचा कागद पंचांना दाखवण्यापुरता आहे. भाषा कडक आहे, मनाला लावून घेऊ नका. वैशाखात मी स्वतः येतो आणि वहिनींशी बोलतो. मी समजावले की त्या ऐकतील. लहानपणी मीच त्यांचे ऐकत असे, आता त्या माझे ऐकतील.

बंडू

*

श्रीमठ, नर्मदातीर, ११ जून १९५५

दादा,

तुम्हाला न सांगता, ठरल्यापेक्षा दोन दिवस आधीच पहाटे वडनेरहून निघून आलो, याची क्षमा मागतो. तुम्ही वावरात गेला होतात. काय झाले ते तुम्हाला अर्धेच माहीत असेल.

मी माझे तांदूळ, माझे भांडे सोबत नेले होते. मठात माझी परीक्षा रोजच असते, दादा. कुणब्याचा पोर म्हणून इतरांपेक्षा दुप्पट सोवळे पाळावे लागते. वहिनींनी पाट मांडला, ताट वाढले. वांग्याची भाजी होती, मला आवडते तशी. मी म्हणालो, "मी माझं शिजवून घेईन." मला वाटले त्या रडतील, किंवा वाद घालतील. त्या "बरं" म्हणाल्या, ताट उचलून आत ठेवले, आणि परसातून माझ्या चुलीसाठी वाळलेली लाकडे घेऊन आल्या. त्यांचा उजवा हात अजून नीट वळत नाही. डाव्या हाताने फुंकणी धरून त्यांनी माझी चूल पेटवली.

मग मी त्यांना प्रश्न विचारले. जागेपण, स्वप्न, गाढ झोप या तिन्हींचा साक्षी कोण, उपाधी म्हणजे काय. त्यांना एकही शब्द माहीत नव्हता. मला खरे सांगायचे तर समाधान वाटले. मी म्हणालो, "पाहा वहिनी, तुम्हाला काहीच ठाऊक नाही." त्या माझ्याकडे बघून, अगदी मी लहान असताना बघत तशा बघून म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही हे पाह्यलं का वाचलं?"

मी चिडलो. काय बोललो ते शेजारच्या घरात ऐकू गेले असेल. "भ्रष्ट" हा शब्द मी वापरला.

माझ्या निर्णयात बदल नाही. प्रश्न कितीही चतुर असला तरी तो प्रमाण होत नाही. मात्र त्यांनी मला जे विचारले ते कृपा करून कोणाला सांगू नका.

बंडू

*

वडनेर, १४ जानेवारी १९५६

बंडू,

आज तिळगुळाचा दिवस. आपल्या घरी कोणी आलं नाई. आनंदा एकटीच ओसरीत वाटी घेऊन बसली होती. संध्याकाळी कवडूचे लेकरं येऊन घेऊन गेले.

कांताचं लगीन ठरलं. बापूरावनं मधात पडून समुद्रपूरकडचंच स्थळ जमवलं. पोरगा शेती करते, घर चांगलं हाय. वैशाखातली तारीख निघाली. पण व्याह्यानं एक अट घातली. आनंदानं मांडवात यायचं नाई. हळदीले नाई, कन्यादानाले नाई. कन्यादान माह्या बाजूले माही चुलतबहीण मनकर्णाबाई बसून करेल.

मी म्हटलं, हे कोणी ठरवलं? तं बापूरावनं खिशातून तुहा कागद काढला. शिक्क्यावर बोट ठेवून पंचायतीत साऱ्यायले वाचून दाखवला. "मंगलकार्यात सहभाग नसावा." माह्या सख्ख्या भावाचा हात, मी काय बोलू?

कागद मीच त्याले दिलता. मले वाटलं, प्रायश्चित्त घेऊन मोकळं होऊ. पण आनंदा प्रायश्चित्त घेत नाई. बापूराव घरी आले, समजावलं, शेण-गोमूत्र, दोन ब्राह्मणायले जेवण, झालं. ती म्हणे, "कशाचं घेऊ? तानाबाईले ताप होता, तेवढंच तं झालं." बापूराव म्हणे, चुकलं असं नुसतं म्हण. ती म्हणे, "चुकलं असतं तं म्हटलं असतं."

एकच रस्ता उरला. तू दुसरा कागद लिही. त्याच शिक्क्याचा. नीट विचार केल्यावर असं दिसते की आनंदाबाईले दोष नाई. एवढी एक ओळ. तुहा शब्द इथं देवाचा शब्द झाला हाय. कांता दिवसभर रडते. आईजवळ जात नाई, आन आईवाचून राहवत नाई. एक ओळ, बंडू.

रूपराव

*

श्रीमठ, नर्मदातीर, १ मार्च १९५६

दादा,

उत्तराला उशीर झाला. कारण सांगतो. येत्या पाडव्याला पाठशाळेच्या मुख्य अध्यापकपदाची नेमणूक आहे. आपल्या जातीच्या माणसाला हे पद आजवर कधी मिळालेले नाही. त्याआधी विद्वानांच्या सभेत माझी परीक्षा होईल. अशा वेळी मीच दिलेला निर्णय मीच फिरवला, तोही स्वतःच्या वहिनीसाठी, तर काय होईल याचा विचार करा.

आणि मला एक सांगा. वहिनी म्हणतात ते खरे असेल, तर त्यांना मांडवाचे काय? ज्याला आत-बाहेर उरले नाही त्याला मांडवाबाहेर बसवले तरी दुःख कसे होईल? आणि दुःख झालेच, तर माझा निर्णय बरोबर होता असे सिद्ध होते. दोन्ही बाजूंनी कागद बदलण्याचे कारण दिसत नाही.

कांतेसाठी एक लुगडे पाठवत आहे. माझा आशीर्वाद सांगा.

बंडू

*

वडनेर, २६ मे १९५६

बंडू,

लगीन झालं. लुगडं पोचलं. तुहं पत्रही पोचलं होतं.

मांडव दारापुढं घातला होता. वाजंत्री हिंगणघाटची, पंगती दोन दिवस. कशात काही कमी पडलं नाई. आनंदा मागच्या गोठ्यात होती. मीच तिले तिकडं बसवलं, दार मीच लोटून घेतलं. मांडवासाठी लागणारं सारं तिनंच आठ दिवस राबून केलतं. शेवया, पापड, हळद कुटलेली तिच्याच हातची. हळद चालली, हात चालला नाई.

मंगलाष्टकं म्हणत होते तेव्हा मी मनकर्णाबाईजवळ उभा होतो. अक्षता पडल्या. मी त्या लोटलेल्या दाराकडं पाहत होतो.

निघताना वऱ्हाडाची बंडी गोठ्यावरूनच गेली, दुसरा रस्ताच नाई. आनंदा दार उघडून चौकटीत उभी राह्यली. कांता बंडीत सासूच्या बाजूले बसली होती. सासूनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला होता. पोरीनं मान वळवली नाई. बंडी गेली.

मी गोठ्यात गेलो. आनंदा गाईच्या अंगाले टेकून रडत होती. अशी की मी तिले तिच्या आईच्या मौतीतही रडताना पाह्यलं नव्हतं. मले तुहं पत्र आठवलं. मी म्हटलं, आनंदा, तू म्हणते सारं एकच हाय, मग रडते काऊन? बंडू म्हणते, खरं ज्ञान असतं तं दुःख झालं नसतं.

तिनं तोंड पुसलं. म्हणे, "एकच हाय म्हणून तं रडतो. ते माहं दुसरं असतं, परकं असतं, तं इतकं कशाले दुखलं असतं?"

आता तुह्या हिशेबानं ती ज्ञानी नाई असं लिहून घे. मले आता विचारायचं काही राह्यलं नाई. पत्र नाई आलं तरी चालते.

रूपराव

*

होशंगाबाद, ९ ऑगस्ट १९५६

दादा, वहिनी,

हे पत्र दोघांना लिहितो आहे. दादा, हे वहिनींना मोठ्याने वाचून दाखवा. मधले काही गाळू नका.

पाडव्याच्या सभेत मला सात प्रश्न विचारले. सहांची उत्तरे मी अशी दिली की सभा वाहवा म्हणाली. सातवा प्रश्न मठाधिपतींनी स्वतः विचारला. शास्त्र न शिकलेल्या, दीक्षा न घेतलेल्या स्त्रीला साक्षात बोध होऊ शकतो काय? तुमच्याकडच्या गोष्टीची कुणकुण त्यांच्यापर्यंत पोचली होती. सभेला माझ्या तोंडून ऐकायचे होते. वहिनी, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तुम्ही डाव्या हाताने फुंकणी धरलेल्या उभ्या होतात. मला उत्तर ठाऊक होते. मी "नाही" म्हणालो. त्यांनी माझ्या खांद्यावर शाल घातली.

दादा, मी तुम्हाला कधी सांगितले नाही. या मठात पहिली आठ वर्षे मी पाकशाळेच्या बाहेर, पायरीखाली बसून जेवलो. ताट वरून सरकवत. ज्या दिवशी मला आत घेतले, त्या दिवशी मी ठरवले की पुन्हा बाहेर जायचे नाही, काहीही झाले तरी. त्यासाठी मी ग्रंथ पाठ केले. त्यासाठी वहिनींचे ताट परत केले. कागदावर शिक्का मारताना मी एकदाही थांबलो नाही, कारण जो माणूस दुसऱ्याला बाहेर ठेवतो तो स्वतः नक्कीच आत असतो, असे मला वाटत होते.

लग्नाचे तुमचे पत्र आले, ते मी वर्गात जाण्याआधी वाचले. वर्गात तोच धडा होता, ज्ञानी माणसाची लक्षणे. "त्याला शोक नसतो," असे मी म्हणायला लागलो आणि वाक्य तिथेच सोडले. मुले वाट पाहत होती. मी पोथी मिटून बाहेर आलो. नंतर तीन आठवडे मी शिकवत होतो, पण ते माझे शिकवणे नव्हते. मग शाल मठाधिपतींच्या पायाशी ठेवली. सभेत खोटे बोललो, असे सांगितले. ते म्हणाले, "तू खोटं बोलला नाहीस, तू मर्यादा राखलीस. आत जाऊन विश्रांती घे." फार प्रेमाने म्हणाले. त्या प्रेमाचीच मला भीती वाटली. आता मी येथे एका शाळेत मुलांना बाराखडी शिकवतो.

सोबत एक कागद आहे. मारुतीच्या देवळात पंचांपुढे वाचा. त्यात मी लिहिले आहे की माझा पहिला निर्णय चूक होता, आनंदाबाईंना कसलाही दोष नाही आणि कसलेही प्रायश्चित्त नाही.

वहिनी, तुम्ही मले विचारलं होतं. मी वाचलं, वहिनी. पाह्यलं नाई. अजून नाई.

बंडू

*

वडनेर, १८ नोव्हेंबर १९५६

बंडू,

तुहं पत्र तिले वाचून दाखवलं. एक अक्षर गाळलं नाई. पायरीखालच्या ताटाजवळ आलो तं तिनं हात वर केला, मी थांबलो. मग म्हणे, "आठ वर्स. आन आपल्याले एकदाही लिहिलं नाई पोरानं." पुढं वाच म्हणे.

सोबतचा कागद मी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी देवळात वाचला. माणसं होती पंचवीस-तीस. वाचून झाल्यावर बापूरावनं कागद हातात घेतला, उलटापालटा करून पाह्यला. म्हणे, "याच्यावर शिक्का कुठं हाय?"

मी म्हटलं, बंडू आता मठात नाई.

"मग हा सांगणारा कोण? पहिला कागद मठाचा होता. हा तुह्या भावाचा हाय." घडी करून माह्या हातात दिला. वाईट बोलला नाई. लोक उठले, आपापल्या घरी गेले. तू खोटं लिहिलं ते गावानं डोक्यावर घेतलं. खरं लिहाले लागला तं तुही किंमत राह्यली नाई. मले तुह्यावर राग होता, तो त्या दिवशी देवळातच राह्यला.

दसऱ्याले कवडू आन तानाबाई नागपूरले गेले होते. लाखो लोक जमले होते म्हणे. दीक्षा घेऊन आले, आले ते बुद्धाचे होऊन आले. घरातले देव त्यायनं काढले. तानाबाई आपल्या अंगणात आली, पांढरं लुगडं नेसून. आनंदाले म्हणे, "बाई, आता आमच्यात देव नाई, आत्मा नाई. तुमचं ते ब्रह्मही नाई." आनंदा म्हणे, "माह्यापाशी तरी कुठं हाय ठेवलेलं?" दोघी हसल्या. मग तानाबाई म्हणाली, "आजपर्यंत तुम्ही आमच्याकडं जेवल्या तं आम्हाले उपकार वाटे. आता नाई वाटत. आता या, पाहुण्यासारख्या." आनंदाले ते लागलं असावं. संध्याकाळी गेली जेवाले.

आता माहं सांगतो. तू तुहं सांगितलं म्हणून मले सांगणं आलं. आनंदाचा हात घसरून मोडला नव्हता. ती तानाबाईच्या घरून आली, बायायनं गुंड उचलले, आन मी बैल हाकायच्या काठीनं तिले मारलं. दोन वेळा. दुसऱ्या वेळी हाड वाजलं. डॉक्टरपुढं तिनंच सांगितलं, पडलो म्हणून. मी शिकवलं नव्हतं. दीड वर्स मी मनाले समजावत होतो की ही मोठी झाली, हिच्या मनात आप-पर नाई, म्हणून तिनं मले झाकलं.

परवा धीर करून विचारलं. म्हटलं, डॉक्टरले खरं काऊन नाई सांगितलं? मले वाटलं ती म्हणेल, मारणारा कोण आन मार खाणारा कोण. तसं म्हणाली असती तं मी सुटलो असतो.

ती म्हणे, "तुमचं भ्याव वाटत होतं."

मी म्हटलं, आता?

"कधी कधी वाटते."

बंडू, तू मोठमोठ्या सभा जिंकल्या. याच्यावर काय बोलायचं ते तुले तरी येते का? काठी मी चुलीत घातली, पण त्यानं काय होते. ज्याले जे दिसलं ते दिसलं. तरी त्याच्याच घरात त्याले कोणाचं भ्याव वाटत असंल तं ते भ्याव माहं हाय, तिचं नाई. एवढं मले समजलं. याच्यापुढचं तुमचं शास्त्र मले समजत नाई.

कांताले दिवस गेले. सातवा लागला. सासरचे तिले बाळंतपणाले इकडं पाठवत नाईत. काल तिचं कार्ड आलं, वाकडंतिकडं लिहिलेलं. "बाबा, आईले घेऊन या. मले आई पाह्यजे." एवढंच.

उद्या सकाळी आम्ही दोघं बंडीनं निघतो. व्याही मले ओसरीवर बोलावतील, पाणी देतील. आनंदाले दारातच थांबवतील, हे ठरलेलंच हाय. मी तिले सांगून ठेवलं की मीही चढणार नाई. तिच्यासंग रस्त्यावर बसून राहीन, कांता बाहेर येईपर्यंत. दोन दिवस लागोत का चार लागोत.

ती शिदोरी बांधत होती. माह्याकडं न पाहता म्हणे, "लगनात पोरीचा बाप होऊन मांडवात बसले होते तुम्ही. आता साऱ्या गावासमोर धुळीत बसवंल का तुम्हाले?"

मी म्हटलं, ठाऊक नाई. बसून पाहतो.

तुहा दादा,
रूपराव